‘पक्की ऑर्डर’ म्हणजे नक्की कोणती? सहा ठिकाणी पसरलेल्या क्वेरीबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुस्तकविक्रीची वेबसाइट आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएल, चार-पाच वर्षांत तिघा जणांचे हात लागलेत, आणि झालेल्या ऑर्डरी मोजायची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, डॅशबोर्डवर, महिन्याच्या रिपोर्टमध्ये, सकाळी मालकांना जाणाऱ्या मेलमध्ये, होम पेजच्या ‘सर्वाधिक खप’ पट्टीत, मोबाइल अ‍ॅपला माहिती पुरवणाऱ्या एपीआयमध्ये आणि एक्सेल एक्स्पोर्टमध्ये, अशी सहा ठिकाणी लिहिलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणी थोडीशी वेगळी आहे. आता मालक म्हणतात आकडे जुळत नाहीत, आणि तुम्ही विचारताय की याचं फंक्शन करू, डेटाबेसमध्ये व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) करू, की सगळं उचलून लाराव्हेलवर (पीएचपीचं तयार फ्रेमवर्क) नेऊ.

साधन कुठलं ते शेवटी ठरवा असं मी म्हणेन. पंधरा-सोळा वर्षं हेच काम करतोय आणि ज्या ज्या ठिकाणी लोकांनी आधी साधन निवडलं तिथे सहा क्वेरींच्या जागी सहा फंक्शनं झाली, आकडे मात्र होते तसेच राहिले. कारण तुमच्याकडे जे सहा ठिकाणी पसरलंय तो मुळात एक निर्णय आहे: कुठल्या ऑर्डरला आपण ‘झाली’ म्हणायचं. क्वेरी हे त्या निर्णयाचं फक्त लिखित रूप. डीआरवाय, म्हणजे तेच तेच पुन्हा लिहू नका, हे तत्त्व अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ साली मांडलं तेव्हा त्यांनीही बोलणं ‘ज्ञाना’बद्दल केलं होतं, प्रत्येक माहितीची सिस्टीममध्ये एकच अधिकृत जागा असावी असं. पुढे लोकांनी त्याचा अर्थ ‘दोन ओळी सारख्या दिसल्या की एकत्र करा’ असा घेतला आणि तिथून बराच गोंधळ सुरू झाला.

माझ्या एका कामातलं उदाहरण देतो, तुमच्याशी बरंच जुळतं. दिवाळी अंक आणि पुस्तकं ऑनलाइन विकणारं एक दुकान होतं, ऑक्टोबरात त्यांचा वर्षाचा निम्मा धंदा व्हायचा. एका दिवसाच्या विक्रीचे तीन आकडे, डॅशबोर्डवर एक, अकाउंटंटच्या रिपोर्टमध्ये दुसरा, सकाळच्या मेलमध्ये तिसरा. मालकांनी तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि विचारलं यातला खरा कुठला. दोन दिवस मी आणि त्यांच्या अकाउंटंट ताई शेजारी बसून एकेक ऑर्डर ताडून बघत होतो आणि फरक कुठून येतो ते एकेक करून बाहेर आलं.

पहिला फरक स्टेटसचा. डॅशबोर्डच्या क्वेरीत लिहिलं होतं, स्टेटस ‘कॅन्सल्ड’ नसलेल्या सगळ्या ऑर्डरी मोजा. रिपोर्टच्या क्वेरीत लिहिलं होतं, स्टेटस ‘पेड’, ‘शिप्ड’ किंवा ‘डिलिव्हर्ड’ असलेल्या मोजा. वाचायला दोन्ही एकच वाटतं ना? पण पहिल्यात पैसे भरता भरता मधेच सोडून दिलेल्या ‘पेंडिंग’ ऑर्डरी येतात, दुसरीत कॅश ऑन डिलिव्हरीच्या, फोनवर पक्क्या केलेल्या पण अजून न निघालेल्या ऑर्डरी येतच नाहीत. आणि त्याहून वाईट म्हणजे काही जुन्या ऑर्डरी एक्सेलमधून भरलेल्या होत्या, त्यांचा स्टेटस नल, म्हणजे काहीच न भरलेला, होता. एसक्यूएलमध्ये नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर हो येत नाही, नाही पण येत नाही, ‘माहीत नाही’ येतं, आणि व्हेअर, म्हणजे क्वेरीतला अटींचा भाग, फक्त ‘हो’ आलेल्या रो (ओळी) ठेवतो. त्यामुळे ‘कॅन्सल्ड नसलेल्या’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं नलवाल्या येतीलच, त्या गुपचूप गळतात, एरर नाही वॉर्निंग नाही.

दुसरा फरक वेळेचा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, ऑर्डरची वेळ पण यूटीसीत साठवलेली, आणि मेलची क्वेरी म्हणत होती की वेळेतली तारीख काढा आणि कालच्या तारखेशी जुळवा. रात्री १२:४० ला आलेली ऑर्डर यूटीसीत आदल्या दिवशीची १९:१० होते. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी विक्री आदल्या दिवशीच्या खात्यात. एरवी त्या वेळेत चार-दोन ऑर्डरी असायच्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लोक रात्री जागून अंक मागवतात. रिपोर्टवाल्या क्वेरीत कुणीतरी साडेपाच तास मिळवले होते, मेलवाल्यात नव्हते.

तिसरा फरक मला आजही महत्त्वाचा वाटतो कारण तो डोळ्यांना दिसतच नाही. डॅशबोर्डवर कुठल्या प्रकारचे अंक जास्त गेले हे दाखवायला ऑर्डरच्या टेबलला ऑर्डरमधल्या वस्तूंचं टेबल जोडलं होतं (यालाच जॉइन म्हणतात), आणि त्याच क्वेरीत ऑर्डरच्या एकूण रकमेची बेरीज. समजा एका ऑर्डरमध्ये तीन अंक आहेत आणि एकूण ७५० रुपये. जॉइन केल्यावर त्या ऑर्डरच्या तीन रो होतात, प्रत्येकीवर ७५०, बेरीज २,२५०. हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार कारण त्याने बेरजेत डिस्टिंक्ट, म्हणजे सारख्या व्हॅल्यू एकदाच धरा, असं घातलं होतं. त्याने ती ऑर्डर पुन्हा ७५० झाली, पण डिस्टिंक्ट रकमांवर लागतं, ऑर्डरींवर नाही, त्यामुळे ७५० च्याच दोन वेगळ्या ऑर्डरी आल्या की त्यातली एकच मोजली जायची. आणि तिथे तर ठरावीक किमतीचे संच विकले जात होते, एकाच रकमेच्या ऑर्डरी रोज कितीतरी. म्हणजे चूक झाकायला घातलेली दुरुस्ती उलट्या बाजूने चुकत होती, आणि ती क्वेरी कॉपी होऊन अजून दोन पानांवर गेलेली होती.

आता यात फंक्शन, व्ह्यू, लाराव्हेल कुठे आलं? आधी ठरवायला हवं होतं की पक्की ऑर्डर कुठली, दिवस कधी सुरू होतो, आणि रक्कम कुठल्या टेबलवरून मोजायची. तर पहिलं काम हे करा.

कोडबेसमध्ये ऑर्डर टेबलच्या नावाने ग्रेप मारा, म्हणजे सगळ्या फाइलींत ते नाव शोधा. क्वेरीच्या मजकुराने मारू नका, कारण कॉपी झालेल्या क्वेरी वर्षभरात एकमेकींसारख्या दिसेनाशा होतात, कुणी टेबलचं अलायस (क्वेरीपुरतं छोटं नाव) बदलतो कुणी कंडिशनचा क्रम. जेवढ्या जागा सापडतील तेवढ्या एका शीटमध्ये उतरवा: फाइल, व्हेअरमधल्या कंडिशन जशाच्या तशा, आणि हा आकडा कोण बघतं आणि बघून काय करतं. हा शेवटचा कॉलम सगळ्यात मोलाचा. तो भरायला तुम्हाला उठून अकाउंटंटकडे, पार्सल बांधणाऱ्यांकडे जावं लागेल आणि तिथेच तुम्हाला नावं मिळतील. आमच्याकडे पार्सलवाले ‘पक्की ऑर्डर’ म्हणायचे, पैसे आले किंवा फोनवर कन्फर्म झाली अशी. अकाउंटंट ताई ‘वसूल’ म्हणायच्या, पैसे खरोखर खात्यात आलेली. म्हणजे दोन नियम होते! आम्ही इतके दिवस ते एकच समजून दोघांची क्वेरी जुळवायचा प्रयत्न करत होतो. फंक्शनला तेच नाव द्या जे दुकानातली माणसं बोलतात, ‘गेट ऑर्डर्स टू’ असलं नाव दिलं की पुढच्या माणसाला परत आत शिरून वाचावं लागतं आणि वाचायचा कंटाळा आला की तो नवीन क्वेरी लिहितो.

हे करताना उलटंही सापडेल, दिसायला सारख्या पण कारणं वेगळी अशा क्वेरी. त्या कृपा करून एकत्र करू नका. ‘पुस्तक उपलब्ध आहे का’ हे यादीच्या पानावर विचारणं आणि चेकआउटला विचारणं, दोन्हीत स्टॉक शून्यापेक्षा जास्त हीच कंडिशन असेल, पण यादीच्या पानाला पाच मिनिटं जुनं उत्तर चालतं, कॅशेमधलं, म्हणजे आधी काढून तात्पुरतं साठवलेलं, चालतं. चेकआउटला ट्रान्झॅक्शनच्या (सगळं एकत्र पार पडेल किंवा काहीच नाही अशा कामाच्या) आत, ती रो फॉर अपडेटने लॉक करून, त्या क्षणाचं उत्तर लागतं, नाहीतर शेवटची प्रत दोघांना विकली जाते. उद्या मालक म्हणाले की यादीत संपलेली पुस्तकंही ‘लवकरच’ लिहून दाखवा, तर पहिली बदलेल, दुसरी बदलता कामा नये. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो, एक बदलली तर दुसरी बदललीच पाहिजे का? उत्तर हो असेल तर एक जागा, नसेल तर दोन राहू द्या आणि शेजारी एक ओळीची कॉमेंट टाका की मुद्दाम वेगळी ठेवलीय.

किमतीचंही तेच आहे, हे थोडं बाजूचं पण सांगतोच. पुस्तकाच्या टेबलात किंमत आहे मग ऑर्डरच्या वस्तूंच्या टेबलात परत किंमत कशाला, डुप्लिकेट आहे, असं म्हणून एकाने तो कॉलम काढून टाकलेला मी बघितलाय. २५० चं पुस्तक नव्या आवृत्तीत ३०० झालं आणि मागच्या वर्षीची सगळी बिलं ३०० दाखवायला लागली. आजची किंमत आणि त्या दिवशी विकलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही ठेवायच्या.

बरं, नियम ठरले, नावं ठरली. आता कोडमध्ये कसं.

तुमची साइट साध्या पीएचपीत आहे तर त्यासाठी लाराव्हेलवर जायची काही गरज नाही, आकडे जुळवायला पूर्ण साइट परत लिहिणं म्हणजे नळ गळतोय म्हणून घर पाडणं. ऑर्डरींच्या क्वेरींसाठी एक क्लास करा आणि त्यात दोन प्रकारच्या गोष्टी वेगळ्या ठेवा. एक म्हणजे नियम, जो फक्त कंडिशनचा तुकडा आणि त्याचे पॅरामीटर देतो: पक्की ऑर्डर, वसूल ऑर्डर, अमुक दिवसाची ऑर्डर. दुसरं म्हणजे त्या नियमांवर उभ्या असलेल्या क्वेरी: दिवसाची विक्री, महिन्याची यादी, खपाची पहिली दहा पुस्तकं. कॉलम कुठले, क्रम कुठला, किती रो हे क्वेरी ठरवते. कुठली ऑर्डर धरायची हे फक्त नियम ठरवतो.

असं वेगळं का ठेवायचं? कारण बहुतेक जण पहिल्या झटक्यात एकच मोठं फंक्शन लिहितात, ऑर्डरी आणा, आणि मग त्याला पॅरामीटर चिकटत जातात, कधीपासून, कधीपर्यंत, पैसे आलेल्याच का, वस्तूंसकट का, कॅन्सल धरू का, क्रम कुठला, लिमिट किती. वर्षभरात नऊ पॅरामीटर, आतमध्ये इफच्या आत इफ, आणि बोलावणारा ट्रू फॉल्स फॉल्स नल ट्रू असं काहीतरी पाठवतोय ज्याचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही. यापेक्षा कॉपी-पेस्ट बरी होती, तिथे निदान समोर दिसत तरी होतं. दोन-तीन ट्रू-फॉल्स आले की समजायचं की आपण दोन वेगळे नियम एका फंक्शनमध्ये कोंबतोय.

पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) वापरत असाल तर दोन बारीक गोष्टी अडवतील म्हणून आत्ताच सांगतो. इम्युलेशन, म्हणजे प्लेसहोल्डरमध्ये (क्वेरीत व्हॅल्यूसाठी सोडलेल्या जागेत) व्हॅल्यू डेटाबेसऐवजी पीडीओनेच भरणं, बंद असेल, आणि ते बंदच ठेवा, तर एकाच नावाचा प्लेसहोल्डर एका क्वेरीत दोनदा चालत नाही, त्यामुळे प्रत्येक नियमाने आपल्या प्लेसहोल्डरला आपलं नाव पुढे लावावं, पक्की-ऑर्डरवाल्याने ‘पक्की’, दिवसवाल्याने ‘दिवस’, म्हणजे दोन तुकडे जोडले की टक्कर होत नाही. आणि टेबलचं अलायस ठरवून टाका, ऑर्डरला कायम एकच, वस्तूंना कायम एकच, नाहीतर तुकडा जॉइनमध्ये टाकला की कॉलम कुणाचा हेच मायएसक्यूएलला कळत नाही.

आणि कंस! नियमाच्या तुकड्यात ऑर असेल तर बाहेरून कंस नियमानेच लावायचा, बोलावणाऱ्यावर सोडायचा नाही. अँड हा ऑरच्या आधी लागतो, त्यामुळे ‘पुस्तक चालू आहे अँड नावात शब्द आहे ऑर लेखकात शब्द आहे’ असं उघडं लिहिलं तर लेखकाचं नाव जुळलेली बंद केलेली पुस्तकंही सर्चमध्ये येतात. लाराव्हेलमध्येसुद्धा लोकल स्कोप (नाव दिलेला कंडिशनचा तुकडा) लावून पुढे कुणी उघडा ऑरव्हेअर जोडला की हेच होतं, तिथे दोन्ही कंडिशन एका क्लोजरमध्ये (निनावी फंक्शनमध्ये) गुंडाळाव्या लागतात. हा प्रकार मी इतक्या साइट्सवर बघितलाय की नवीन कोडबेस हातात आला की पहिलं सर्च पेज उघडून बघतो.

दिवसाची हद्द एकाच फंक्शनमध्ये ठेवा. त्याला भारतीय तारीख द्यायची, त्याने यूटीसीतली सुरुवात आणि शेवट द्यायचा, आणि क्वेरीत सुरुवात धरून, शेवट सोडून अशी रेंज लावायची. कॉलमवर डेट फंक्शन लावून तुलना करू नका, तसं केलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) वापरला जात नाही, टेबल मोठं झालं की ते जाणवतं. वेळ एका टाइमझोनमधून दुसऱ्यात बदलणारं कन्व्हर्ट-टीझेड वापरायचं असेल तर ‘एशिया कोलकाता’ असं नाव देताना आधी बघा की सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं भरलेली आहेत का, नसतील तर तो एरर न देता नल देतो, आणि नलचं काय होतं ते वर सांगितलंच. भारतात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत त्यामुळे सरळ अधिक ५:३० लिहिलं तरी चालतं. अजून एक म्हणजे मायएसक्यूएलचा टाइमस्टँप कॉलम कनेक्शनच्या टाइमझोनप्रमाणे बदलून दाखवतो, डेटटाइम तसाच दाखवतो, म्हणजे वेबसाइटच्या कनेक्शनने टाइमझोन लावलाय आणि रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉन स्क्रिप्टने नाही तर क्वेरी अक्षर न् अक्षर सारखी असूनही उत्तर वेगळं येईल. म्हणून कनेक्शन उघडायचा कोडसुद्धा एकाच जागी.

व्ह्यू कधी करायचा? जेव्हा डेटाबेस वाचणारे प्रोग्रॅम एकापेक्षा जास्त असतात. तुमच्या सहा जागांपैकी एक्सेल एक्स्पोर्ट जर वेगळ्या पायथन स्क्रिप्टमधून निघत असेल, किंवा अकाउंटंट थेट कुठल्या रिपोर्टिंग टूलने डेटाबेसला जोडत असतील, तर पीएचपीतलं फंक्शन त्यांच्या उपयोगाचं नाही, आणि मग नियम डेटाबेसमध्येच असलेला बरा. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू २००५ च्या ५.० पासून आहेत, नवीन काही नाही, तरी लोक घाबरतात की स्लो होईल. साधा व्ह्यू, म्हणजे फक्त कॉलम आणि व्हेअर, मायएसक्यूएल तुमच्या क्वेरीत मिसळून टाकतो, मूळ टेबलचा इंडेक्स वापरला जातो, फरक पडत नाही. पण व्ह्यूमध्ये ग्रुप बाय, डिस्टिंक्ट, युनियन, लिमिट असलं काही आलं की तो आधी टेंपररी टेबल बनवतो आणि मग तुमची कंडिशन लावतो. मायएसक्यूएल ८.०.२२ पासून बाहेरची कंडिशन आत ढकलण्यात बरीच सुधारणा झालीय पण भरवशावर राहू नका, एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालणार ते सांगणारी कमांड) लावून बघा. म्हणून मी व्ह्यूमध्ये फक्त नियम ठेवतो, ‘पक्क्या ऑर्डरी’ एवढाच, बेरजा बाहेर. व्ह्यूवर व्ह्यू एकदा ठीक, तिसरा मजला चढवू नका. आणि व्ह्यूमध्ये स्टार (सगळे कॉलम आणा) लिहू नका, व्ह्यू बनवताना जे कॉलम होते तेच त्यात गोठतात, नंतर टेबलात कॉलम टाकला तर तो व्ह्यूत दिसत नाही आणि माणूस अर्धा दिवस शोधत बसतो.

व्ह्यूचा एक फायदा कमी लोक घेतात. अकाउंटंटच्या डेटाबेस युजरला मूळ टेबलची परवानगी न देता फक्त व्ह्यूची देता येते, ग्राहकांचे फोन नंबर पत्ते त्यात ठेवायचेच नाहीत. फक्त व्ह्यूची व्याख्या मायग्रेशनच्या (डेटाबेसमधले बदल क्रमाने लिहिलेल्या) फाइलमध्ये, गिटमध्ये असू द्या, कुणी पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये जाऊन हाताने बदलला तर सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येणार नाही की हा असा का आहे. आणि डेटाबेसचा डम्प (पूर्ण प्रत) दुसऱ्या सर्व्हरवर नेताना व्ह्यू बनवणारा युजर तिथे आहे का बघा, नसेल तर व्ह्यू वाचताना एरर येतो.

स्टोअर्ड प्रोसीजरचं, म्हणजे डेटाबेसमध्येच ठेवलेल्या प्रोग्रॅमचं, कुणी सुचवेल. मायएसक्यूएलमध्ये प्रोसीजरचा निकाल दुसऱ्या क्वेरीत जॉइन करता येत नाही, म्हणजे तुकडा म्हणून ती कामाची नाही. जनरेटेड कॉलम मात्र विचारात घ्या, ५.७ पासून आहेत: ‘पक्की आहे का’ हा कॉलम स्टेटस आणि पेमेंटच्या प्रकारावरून डेटाबेस स्वतः भरतो, त्यावर इंडेक्स टाकता येतो, आणि कुठल्याही भाषेतून वाचा उत्तर तेच. अट एवढीच की त्यात आत्ताची वेळ वापरता येत नाही आणि दुसऱ्या टेबलात डोकावता येत नाही. तुमचा नियम फक्त त्याच रोवर ठरत असेल तर मला हा उपाय व्ह्यूपेक्षाही आवडतो.

उद्या खरंच लाराव्हेलवर गेलात तर नियमाच्या तुकड्यांना तिथे लोकल स्कोप म्हणतात, जँगोत (पायथनचं फ्रेमवर्क) क्वेरीसेटच्या मेथड लिहून अ‍ॅज-मॅनेजरने जोडतात, १.७ पासून ते आहे, कल्पना तीच. ग्लोबल स्कोपपासून, म्हणजे न बोलावता प्रत्येक क्वेरीला लागणाऱ्या नियमापासून, मात्र जपून. सॉफ्ट डिलीट (रो न काढता फक्त डिलीट झाल्याची खूण करणं) हा ग्लोबल स्कोपच आहे, मॉडेलमधून गेलात की डिलीट केलेली पुस्तकं आपोआप वगळतो, छान वाटतं, आणि मग तीन वर्षांपूर्वीच्या बिलावर पुस्तकाच्या नावाच्या जागी रिकामं येतं किंवा पान फुटतं कारण ते पुस्तक आता डिलीटेड आहे. तिथे मुद्दाम विथ-ट्रॅश्ड लिहावं लागतं. उलट कुणी रिपोर्ट फास्ट व्हावा म्हणून मॉडेल सोडून थेट डीबी-टेबलने क्वेरी लिहिली की त्याला ग्लोबल स्कोप माहीतच नसतो, डिलीटेड सगळं मोजलं जातं. म्हणजे न दिसणारा नियम एका दारातून लागतो, दुसऱ्यातून नाही. एकाच डेटाबेसमध्ये अनेक दुकानं असतील तर एकाचं दुसऱ्याला दिसू नये यासाठी मी ग्लोबल स्कोप वापरतो, बाकी नियम नाव घेऊन बोलावतो, वाचणाऱ्याला दिसले पाहिजेत.

एका जागी आणल्यावर एक नवीन दुखणं येतं तेही सांगून ठेवतो. ‘या पुस्तकाचा लेखक आणा’ असं सुंदर फंक्शन तयार झालं की लोक ते लूपमध्ये बोलावतात, ४० पुस्तकांच्या पानावर ४१ क्वेरी. म्हणून अशी फंक्शनं पहिल्यापासून आयडींची यादी घेणारी लिहा, एक आयडी म्हणजे एकाची यादी.

आता बदल लाइव्ह करायची पद्धत, इथे घाई करू नका. सहाच्या सहा जागा एका रात्रीत बदलल्या आणि सकाळी आकडा वेगळा आला तर मालक विचारणार कालचा चूक होता की आजचा, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. मी एक जागा घेतो, तिथे जुनी क्वेरी तशीच दाखवत ठेवतो आणि मागे नवीन पण चालवतो आणि दोन्हींच्या ऑर्डर आयडींची यादी ताडतो. नुसता काउंट ताडू नका, तीन जास्त आल्या आणि तीन कमी आल्या तर काउंट जुळतो. जुन्यात आहे नव्यात नाही, नव्यात आहे जुन्यात नाही, अशा दोन्ही याद्या लॉगमध्ये. मायएसक्यूएल ८.०.३१ किंवा नंतरचं असेल तर एक्सेप्टने (एका यादीतून दुसरी वजा) सरळ होतं, जुनं असेल तर लेफ्ट जॉइन करून उजवीकडे नल आलेल्या बघायच्या. निदान एक महिनाअखेर त्यातून जाऊ द्या. जो फरक येईल तो घेऊन मालकांकडे किंवा अकाउंटंटकडे जायचं, ही ऑर्डर धरायची की नाही विचारायचं, आणि उत्तर नियमाच्या शेजारी कॉमेंटमध्ये तारखेसकट लिहायचं. आमच्याकडे अशा अकरा ऑर्डरी निघाल्या, त्यातल्या नऊ जुन्या क्वेरीच्या चुका होत्या, दोन माझ्या नव्या नियमाच्या, मी परत आलेली पार्सलं ‘वसूल’मध्ये धरली होती.

त्याच ऑर्डरींपासून टेस्ट बनवा. मोठा डेटा नको, सात-आठ रो पुरतात: नल स्टेटसवाली, फोनवर पक्की केलेली कॅश ऑन डिलिव्हरीची, मधेच सोडलेली पेंडिंग, कॅन्सल, परत आलेली, रात्री १२:४० ची, तीन वस्तूंची, आणि त्याच रकमेची दुसरी एक. नियम बदलला आणि यातली एक इकडची तिकडे गेली तर टेस्ट ओरडली पाहिजे. आणि परत पसरू नये म्हणून डिप्लॉयच्या आधी एक साधा ग्रेप ठेवा, स्टेटसची ‘पेड’, ‘शिप्ड’ ही अक्षरं ऑर्डरच्या फोल्डरबाहेर कुठल्या क्वेरीत दिसली तर बिल्ड थांबवायचा. फक्त मायग्रेशनच्या फाइल्स त्यातून वगळा. मायग्रेशनमध्ये नियमाचं फंक्शन बोलावूही नका, तिथे क्वेरी पूर्ण लिहा, कारण ते त्या दिवसाचं काम आहे, उद्या नियम बदलला की जुनं मायग्रेशन नवीन मशीनवर वेगळं वागेल.

तुमच्या सहांपैकी मी सुरुवात सकाळच्या मेलपासून करेन, तो एकच माणूस वाचतो आणि चुकला तर पैसे अडकत नाहीत. मग डॅशबोर्ड, मग रिपोर्ट आणि एक्सेल एकत्र कारण ते दोन्ही अकाउंटंटकडे जातात. एपीआय सगळ्यात शेवटी, मोबाइल अ‍ॅपच्या जुन्या आवृत्त्या लोकांच्या फोनवर असतात. ‘सर्वाधिक खप’ पट्टीसाठी आधी मालकांना विचारा की खप म्हणजे पक्क्या ऑर्डरी का वसूल, माझा अंदाज आहे की त्यांना पक्क्या हव्या असतील. आणि बेरजेत डिस्टिंक्ट कुठे आहे का हे मात्र आजच शोधा, सापडलं तर ती क्वेरी इथे लिहा, जॉइन कसा सोडवायचा ते बघू.